बापाचा खिसा आणि आईचा बटवा

६ ऑगस्ट १९४६ हा मंगळवार होता. त्या दिवशी ब्रिटनमधल्या गावोगावच्या पोस्टांत बाया एकेक पुस्तक घेऊन आल्या. पुस्तक सरकारने दिलेले. त्यातली एक पावती फाडून खिडकीतून आत दिली, की पोस्टातला कारकून दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे पाच शिलिंग मोजून हातावर ठेवी. आठवड्याचे पाच शिलिंग. आपल्याकडे जसा सोळा आण्यांचा रुपया होता, तसा तिकडे वीस शिलिंगांचा पौंड होता. तेव्हा पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड. पहिल्या मुलाचे काही मिळत नसे. ज्या घरात एकच मूल, त्या घरच्या बाईला हे पुस्तक नव्हतेच.

रक्कम बेताचीच. पण ती कायद्याने बाईची होती, नवऱ्याची नव्हती; आणि एवढ्या एका गोष्टीसाठी पार्लमेंटात भांडावे लागले होते.

आता कुणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या बायांचे पाच शिलिंग, त्याचं आपल्याला काय? तर सांगतो. कर वाढला, कर घटला, भत्ता सुरू झाला, भत्ता बंद झाला, अशा बातम्या आपणही वाचतो. बातमीत रकमेची चर्चा असते. ती रक्कम घरात कोणत्या दाराने शिरते, पुढच्या की मागच्या, याची चर्चा कुणी करीत नाही. ब्रिटनमध्ये ती शंभर वर्षे झाली, आणि तिचे कागद जागच्या जागी आहेत. म्हणून आज तिकडची हकीकत.

सुरुवात करू लंडनच्या लॅम्बेथ भागापासून. १९०९ च्या सुमारास काही सुशिक्षित स्त्रिया तिथल्या कामकरी घरांत दर आठवड्याला जाऊ लागल्या. घरचा पुरुष कामावर, व्यसनी नाही, बेकार नाही; आठवड्याची कमाई साधारण अठरा ते तीस शिलिंग. या स्त्रियांनी आयांना हिशेब ठेवायला सांगितला. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचा हिशेब घरातल्या दुसऱ्या कुणी लिहिला. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्यातले आकडे वाचताना परके काही वाटत नाही. नवरा मजुरीतले काही शिलिंग स्वतःच्या प्रवासखर्चाला आणि तंबाखूला ठेवून बाकीचे बायकोच्या हाती देई. त्यातून भाडे, कोळसा, मूल दगावले तर मातीला पैसे असावेत म्हणून विम्याचा हप्ता, साबण, आणि मग उरेल त्यात पोट. मांसाचा तुकडा कमावत्या पुरुषाच्या ताटात, कारण तो पडला तर सगळेच बुडाले. मुलांना पाव आणि बटाटे. आई शेवटी. हे काही कुणी दुष्टपणाने करीत नव्हते. हिशेबच तसा होता.

त्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी आपल्या गाजलेल्या अंदाजपत्रकात मुलाबाळांच्या माणसाला प्राप्तिकरात सवलत दिली. वर्षाचे उत्पन्न ५०० पौंडांच्या आत असेल, तर सोळा वर्षांखालच्या दर मुलामागे १० पौंडांवर कर नाही. शिक्षकबंधूंनी हा हिशेब वर्गात घालून पाहावा. कराचा दर पौंडाला नऊ पेन्स, बारा पेन्सचा एक शिलिंग. तेव्हा एका मुलामागे वर्षाला वाचले साडेसात शिलिंग. कारकुनाला, मास्तराला हे थोडे का होईना मिळाले. पण लॅम्बेथच्या मजुराला? त्याची कमाई आठवड्याला एक पौंड, वर्षाला बावन्न. आणि १६० पौंडांच्या आत कर मुळातच नव्हता. ज्याला कर नाही त्याला करात सूट कसली? म्हणजे मुलांच्या नावाने निघालेली ही मदत गरिबाच्या मुलांना वगळूनच गेली. आणि जिथे ती पोचली तिथेही बापाच्या खिशातच राहिली. तो आईला त्यातले काही देतो की नाही, हा त्याचा प्रश्न.

हे दार बदलायचे, असे मनावर घेतले एलिनॉर रॅथबोन या बाईंनी. जन्म १८७२. घराणे लिव्हरपूलच्या सधन व्यापाऱ्यांचे. पहिल्या महायुद्धात शिपायांच्या बायकांना सरकारकडून भत्ता मिळे, मुले जितकी अधिक तितका भत्ता अधिक. लिव्हरपुलात त्याचे काम रॅथबोनबाई पाहत. तिथे त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. नवरा लढाईवर, घरावर संकट, आणि तरी कित्येक घरांतली मुले पूर्वीपेक्षा धडधाकट दिसत होती. का? तर पैसे दर आठवड्याला नेमाने येत, मुलांच्या संख्येप्रमाणे येत, आणि आईच्या हातात येत.

पुढे १९२४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले. त्यातला मुख्य मुद्दा असा. कामगार संघटना म्हणत होत्या, पुरुषाला एवढी मजुरी द्या की नवरा, बायको आणि तीन मुले पोसली जातील. रॅथबोनबाई म्हणाल्या, अहो, पण प्रत्येक कामगाराला तीन मुले आहेत कुठे? कुणी सडा आहे, कुणाला एक आहे, कुणाला सहा. सगळ्यांना तिघांची मजुरी दिली तर जी मुले अस्तित्वातच नाहीत अशा सुमारे एक कोटी साठ लाख मुलांचे पैसे मोजले जातील, आणि ज्याला सहा आहेत त्याची तीन उपाशीच राहतील. मजुरी कामाची द्या. मुलांचा खर्च समाजाने निराळा उचलावा आणि आईकडे द्यावा.

कामगार पुढाऱ्यांना हे पटले नाही. त्यांची भीती सांगितली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. सरकार मुलांना पैसे देऊ लागले की मालक म्हणेल, मग आता मजुरी कशाला वाढवू? १९३० मध्ये त्यांच्या मध्यवर्ती मंडळाने ही कल्पना नाकारली. मान्य व्हायला १९४२ साल उजाडले.

(बाईंचे सगळेच बरोबर होते असे नाही. हिंदुस्थानातल्या बालविवाहावरही त्यांनी हिरिरीने लिहिले. १९२९ मध्ये लंडनला त्यांनी हिंदी स्त्रियांच्या प्रश्नावर परिषद भरवली, तेव्हा धन्वंती रामा राव यांनी उभ्या राहून विचारले होते, आमच्या घरातल्या दोषांवर तुम्ही आपसांत परिषदा भरवणार, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी? असो.)

या कथेत दुसरे नाव येते विल्यम बेव्हरिज यांचे. हे गृहस्थ जन्मले बंगालात, रंगपूरला, १८७९ मध्ये; वडील तिकडे सरकारी नोकरीत होते. लंडनच्या ज्या अर्थशास्त्राच्या संस्थेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात पुन्हा शिकायला गेले, तिचे संचालक तेव्हा बेव्हरिजच होते. रॅथबोनबाईंचे पुस्तक वाचून त्यांनी आपल्या संस्थेतल्या अध्यापकांना मुलांमागे भत्ता सुरू केला.

त्याच दशकात इकडे मुंबईत असाच प्रश्न उभा होता. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा द्यायची, तर त्या दिवसांचे पैसे कुणी द्यायचे? जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. भार मात्र मालकावर पडला. मूल वाढवण्याचा खर्च मजुरीतून, मालकाकडून की सरकारी तिजोरीतून, हा वाद मुंबईत आणि लंडनला एकाच वेळी चालू होता, एवढे इथे ध्यानात ठेवू आणि परत लंडनला जाऊ.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वारे फिरले. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९४० मध्येच दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग द्यावेत असे सुचवले. त्यामागे केवळ दया नव्हती. महागाईत सगळ्यांचीच मजुरी वाढवत बसण्यापेक्षा मुलांच्या घरांना थेट पैसे दिलेले स्वस्त पडतील, असाही हिशेब होता. १९४२ मध्ये बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला. त्यांनी पहिले मूल सोडून दर मुलाला सरासरी आठ शिलिंग मागितले. सरकारने केले पाच. बाकीचे शाळेतल्या जेवणादुधाने भरून काढू, असे सांगितले.

आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये विधेयक आले तेव्हा त्यात लिहिले होते, ही रक्कम बापाची. वीस-पंचवीस वर्षे ज्या बाईने यासाठी घासाघीस केली, ती तेव्हा सभागृहात बसलेली होती. त्यांनी स्पष्ट सांगितले की हे असेच राहणार असेल तर मी माझ्याच मागणीच्या विरुद्ध मत देईन. सभासदांतही खळबळ झाली. शेवटी सरकारने पक्षाचा हुकूम मागे घेतला, ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे मत द्यावे म्हणून मोकळीक दिली, आणि कायद्यात बापाच्या जागी आई आली. जून १९४५ मध्ये कायदा पक्का झाला. पहिली पावती फाटली ती पुढच्या वर्षी ऑगस्टात. रॅथबोनबाई तो मंगळवार पाहायला नव्हत्या. २ जानेवारी १९४६ ला त्या वारल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण आता घरात दोन दारे झाली होती. बापाच्या पगारात मुलांची करसवलत, आईच्या पुस्तकात मुलांचा भत्ता. त्यातही भत्ता करपात्र धरलेला, म्हणजे एका हाताने दिलेल्यातले थोडे दुसऱ्या हाताने परत. १९६८ मध्ये सरकारने भत्ता बराच वाढवला. दुसऱ्या मुलाला १८ शिलिंग, पुढच्यांना पौंड. आईला आनंद झाला. पण त्याचबरोबर, कर देणाऱ्यांना हा लाभ फुकट जाऊ नये म्हणून, बापाची करसवलत तेवढ्यापुरती खाली आणली. घर म्हणून पाहिले तर पुष्कळांचे नुकसान झाले नव्हते. पण शुक्रवारी पगाराचे पाकीट उघडणाऱ्या माणसाला घराचा एकंदर हिशेब दिसत नाही, पाकीट हलके झालेले दिसते. कागदावर बरोबर असलेली ही युक्ती लोकांना मुळीच आवडली नाही.

त्याच्याही पुढची गंमत १९७१ मध्ये झाली. म्हणजे गंमत पाहणाऱ्याला, भोगणाऱ्याला नव्हे. पूर्णवेळ राबूनही ज्यांचे भागत नाही अशा मुलाबाळांच्या घरांसाठी सरकारने पूरक मदत काढली. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमाई जेवढी कमी, तिच्या निम्मी रक्कम सरकार देणार. ऐकायला उत्तम. आता १९७६ सालचे दर घेऊन पाहा. तोवर पौंडाचे शंभर पेन्स झाले होते. समजा, माणसाने जादा पाळी करून एक पौंड अधिक मिळवला. प्राप्तिकर ३५ पेन्स. विम्याची वर्गणी जवळजवळ ६. मदत घटली ५०. एकूण गेले ९१. राबून हाती आले नऊ पेन्स! घरभाड्यात सूट मिळत असेल तर तीही कमाईबरोबर घटे. मग नऊचेही काही राहीना, उलट पदरचेच जात. आणि मदत पुरती बंद झाली तर मुलांचे शाळेतले फुकटचे जेवणही जाई. ही मदत एका वर्षाची ठरत असे, त्यामुळे फटका त्याच आठवड्याला बसत नसे; नवा अर्ज करताना बसे. याला तिकडे दारिद्र्याचा सापळा म्हणू लागले. कुणा एका खात्याने तो मुद्दाम लावलेला नव्हता. कराचे खाते वेगळे, मदतीचे वेगळे, भाड्याच्या सवलतीचे वेगळे, आणि प्रत्येकाचे स्वतःपुरते गणित बरोबर. त्या सगळ्यांची बेरीज होई ती त्या माणसाच्या स्वयंपाकघरात.

तेव्हा दोन दारे मोडून एकच ठेवावे, अशी बुद्धी झाली. १९७५ मध्ये कायदा झाला: करसवलत काढून टाकायची, जुना भत्ता काढून टाकायचा, आणि दोहोंच्या जागी पहिल्या मुलासकट प्रत्येक मुलामागे एकच करमुक्त भत्ता आईला द्यायचा. मंत्री होत्या बार्बरा कॅसल. तिकडच्या भाषेत याला पाकिटातून बटव्यात असे म्हणत, आणि आपल्या भाषेतही ते तसेच म्हणता येते. पण १९७६ मध्ये पंतप्रधान बदलले, कॅसलबाईंना मंत्रिमंडळातून वगळले, आणि मेमध्ये बेत पुढे ढकलला गेला. कारण जुनेच: पुरुषांच्या पगाराची पाकिटे हलकी होतील, कामगार बिथरतील. हे बंद दाराआडचे बोलणे जूनमध्ये एका साप्ताहिकात छापून आले. मंत्रिमंडळाचे कागद फुटले होते! लेख होता फ्रँक फील्ड या कार्यकर्त्याचा. एवढा गाजावाजा झाला की बेत गुंडाळता आला नाही. एप्रिल १९७७ पासून पहिल्या मुलाला १ पौंड आणि बाकीच्यांना दीड अशी सुरुवात झाली, आणि दोन वर्षांत करसवलत घटवत घटवत एप्रिल १९७९ ला दर मुलामागे ४ पौंड झाले.

आता कुणी शंका घेईल, की घर एकच ना? नवऱ्याचे काय, बायकोचे काय, पैसा शेवटी त्याच चुलीपाशी येतो. अर्थशास्त्रज्ञही पुष्कळ वर्षे असेच मानून चालत. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलॅक आणि टेरेन्स वेल्स या तिघांनी त्या काळातले ब्रिटिश घरखर्चाचे आकडे घेऊन हे तपासले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापला. पैसा बापाकडून आईकडे सरकला त्या सुमारास, पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. आपल्याकडे डाळीच्या डब्यात नोटा दडवणाऱ्या आजीला हे सांगितले तर ती म्हणेल, एवढ्यासाठी तिघे जण लागले होय?

मधल्या काळात आया स्वतःही मोठ्या संख्येने कामाला लागल्या होत्या. पण कर खात्याच्या लेखी विवाहित बाईची कमाई ही नवऱ्याचीच कमाई होती. कराच्या कागदावर तो तिचे उत्पन्न लिहायचा. १९९० च्या एप्रिलपासून दोघांचा कर निराळा झाला. तिचा पगार सरकारदरबारी तिचा व्हायला एवढी वर्षे लागली.

पुढचे भराभर सांगतो, कारण तेच भांडण पुनःपुन्हा आहे. १९८५ मध्ये सरकारने पूरक मदतीच्या जागी नवी मदत आणायचे ठरवले आणि ती पगाराच्या पाकिटातून द्यावी असे सुचवले. स्त्रियांच्या संस्था उठल्या, छोटे मालकही कुरकुरले. १९८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा आईलाच मिळू लागली. १९९९ मध्ये तिच्या जागी कराशी जोडलेली मदत आली, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा पगारात गेली. २००३ मध्ये पद्धत परत बदलली: वर्षाच्या उत्पन्नावर मदत, अंदाजाने आधी द्यायची आणि वर्ष संपल्यावर हिशेब करायचा. पहिल्याच वर्षी सुमारे एकोणीस लाख घरांना जादा पैसे गेले, आणि मग सरकार ते परत मागू लागले. ज्या घरात पैसा आला त्या आठवड्यालाच संपतो, त्या घरातून गेल्या वर्षीचा पैसा परत कुठून काढायचा? मुलांचे बूट का विकायचे?

जानेवारी २०१३ मध्ये आणखी एक विचित्र नियम झाला. आईबापांपैकी एकाचे उत्पन्न ५०,००० पौंडांच्या वर गेले की मुलांचा भत्ता कराच्या रूपाने परत घ्यायला सुरुवात, आणि ६०,००० ला सगळा परत. पण पाहिले जाई एकाचेच उत्पन्न. एका घरात एकटा कमावणारा, ६०,००० मिळवणारा: भत्ता गेला. शेजारच्या घरात दोघे कमावणारे, प्रत्येकी ४९,०००, दोघांचे मिळून ९८,०००: भत्ता शाबूत. २०२४ मध्ये या मर्यादा ६०,००० आणि ८०,००० केल्या; एकाचेच उत्पन्न पाहण्याची रीत तशीच राहिली. आणि १९९० मध्ये वेगळे केलेले नवराबायको या नियमाने पुन्हा एकमेकांच्या कागदांत गुंतले, कारण एकाने घेतलेल्या भत्त्याचा कर दुसऱ्याला भरावा लागू शकतो.

२०१३ मध्येच मोठी नवी पद्धतही सुरू झाली. तिच्यात गरीब घरांच्या बहुतेक मदती एकत्र केल्या. सापळ्याचे दात बोथट करणे हा तिचा हेतू होता. मदत महिन्यातून एकदा आणि जोडप्याला मिळून साधारणपणे एकाच खात्यात. खाते कुणाचे, ते त्यांनी ठरवायचे. त्यावर बरीच टीका झाली, तेव्हा २०१९ मध्ये अर्जात बदल करून, मुलांचे मुख्यतः जो पाहतो त्याचे खाते द्यावे, अशी सूचना घातली. सूचना, नियम नव्हे. पोस्टातली पावत्यांची पुस्तके तोवर केव्हाच बंद झाली होती आणि मंगळवारची रांगही उरली नव्हती. त्या अर्जात खाते क्रमांकाचा रकाना एकच आहे; संध्याकाळी जेवणे झाल्यावर नवराबायको तो समोर घेऊन बसतात.